लगाम हातात घेतलेली बाई

आमच्या फ्रिजच्या दारावर गेली दोन वर्षं एक चित्र चिकटलेलं आहे. लोहचुंबकाचं, तळहाताएवढं. लेक फिलाडेल्फियाला असते, तिनं तिथल्या कलासंग्रहालयातून आणलेलं. आता फ्रिजच्या दारावर काय काय असतं ते तुम्हांला मी सांगायला नको! दुधाचा हिशेब, गॅसवाल्याचा नंबर, नातवाचा पहिलावहिला हत्ती. त्यातच हेही एक. दिवसातून पन्नासदा ते दार उघडते मी, पण खरं सांगायचं तर चित्र म्हणून त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

परवा आमच्या कामाच्या बाई फ्रिज पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, गाडी तर बाई हाकतीय. मग ह्यो बाप्या असा उलटं तोंड करून कशापायी बसलाय?"

मी चष्मा लावून बघितलं. अगदी बरोबर! घोडागाडी आहे. घोड्याचा फक्त मागचा भाग चित्रात आला आहे, पुढचा घोडा चौकटीनं कापलेला. मधोमध एक बाई, डोक्याला टोपी, हातांत मोजे, लगाम आणि चाबूक सांभाळून सरळ पुढं बघते आहे. चेहऱ्यावर हसू नाही की ऐट नाही. पहिल्यांदा शिवणयंत्र चालवताना आपण सुईच्या टोकाकडे कशा बघतो, तशी ती रस्त्याकडे बघते आहे. शेजारी गुलाबी झग्यातली एक लहान मुलगी. आणि मागच्या बाकावर काळ्या कपड्यांतला, उंच हॅट घातलेला मोतद्दार, ह्या दोघींकडे पाठ करून. गाडी कुठं चालली आहे हे त्या बिचाऱ्याला दिसतच नाही. मागं पडलेला रस्ता तेवढा दिसतो.

मग मात्र मी चित्राच्या मागंच लागले. लेकीला फोन केला, वाचनालयातून पुस्तकं आणली, आणि जे सापडलं ते तुम्हांला सांगितल्यावाचून आता राहवत नाही.

हे चित्र १८८१ सालचं. काढणारीही एक बाईच, मेरी कसाट. जन्मानं अमेरिकन, पेनसिल्व्हानियातली. चित्रकला शिकायला फिलाडेल्फियाच्या अकादमीत गेली, तिथून पॅरिसला गेली आणि पुढचं बहुतेक आयुष्य फ्रान्समध्येच राहिली. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत त्या वेळी बायकांना प्रवेशच नव्हता; तो मिळाला १८९७ मध्ये. तोवर बाईची पन्नाशी उलटली होती! तेव्हा खाजगी शिकवण्या आणि संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला, असं करत ती शिकली. पुढं देगा ह्या नामवंत चित्रकारानं तिला आपल्या गोटात घेतलं आणि १८७९ पासून तिची चित्रं त्या मंडळींच्या प्रदर्शनांत लागू लागली. चित्रातली ती गुलाबी झग्यातली मुलगी म्हणजे ह्या देगाची भाची, ओदील. जागा आहे पॅरिसच्या पश्चिमेची मोठी वनराई, ब्वा द बुलोन्य. दुपार कलली की सगळं प्रतिष्ठित पॅरिस आपापल्या गाड्या घेऊन तिथं हवा खायला यायचं, आणि आपण दिसावं म्हणूनही यायचं.

आणि लगाम धरून बसलेली ती बाई म्हणजे मेरीची सख्खी थोरली बहीण, लिडिया.

आता ह्या मोतद्दाराचं कोडं. श्रीमंताघरच्या बाईनं स्वतः गाडी हाकणं हे तेव्हा अगदीच नवल नव्हतं. त्यासाठी खास बुटक्या, हलक्या गाड्या बनत. झगा सावरत चढता यावं म्हणून पायरी खाली असायची. अशा मालकानं स्वतः हाकायच्या गाड्यांचे नाना प्रकार होते. त्यांतल्याच इंग्रजी 'फेटन'ची आपल्याकडे 'फिटन' झाली. आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द सर्रास असायचा. पुढं घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून एक फळी लावलेली असायची, तिला म्हणत डॅशबोर्ड. आज आपल्या मोटारीत ज्याच्यावर आपण गणपती बसवतो, तो डॅशबोर्ड मूळचा हा चिखलाचा आडोसा! मला तर हे वाचून फार गंमत वाटली.

पण बाई हाकते आहे म्हणून ती एकटी जाऊ शकत होती, असं नव्हे. मागं एक पुरुष नोकर पाहिजेच. एक तर सोय म्हणून, कारण घोडा बुजला तर उडी मारून त्याचं तोंड धरायला कुणीतरी हवं. आणि दुसरं, रीत म्हणून. भल्या घरची बाई माणसाशिवाय रस्त्यावर दिसली तर लोक काय म्हणतील! म्हणजे लगाम हिच्या हाती, पण अब्रू मागच्या बाकावर बसलेली.

तरीपण मला तो मोतद्दार आवडला, हं. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी मोटार शिकले. क्लासचे गुरुजी बरे होते, पण खरी परीक्षा पुढं होती. शेजारी 'हे' बसायचे आणि रिकाम्या जागी पाय दाबून ब्रेक मारायचे! समोर म्हैस दिसली की हात चालला हँडब्रेककडे. अशा वेळी वाटायचं, ह्यांनाही कुणीतरी मागच्या बाकावर तोंड फिरवून बसवायला हवं होतं. तुमच्यापैकी ज्या शिकल्या असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

लगाम धरणं म्हणजे नुसती दोरी ओढणं नव्हे. दोन्ही लगाम डाव्या हातात, मध्ये बोटं घालून वेगळे ठेवायचे. उजव्या हातात चाबूक, आणि वेळ पडली तर तोच हात लगाम आखूड करायला. घोड्याचं तोंड फार नाजूक. हात ताठला की त्याला लगेच कळतं, हात सैल पडला तरी कळतं. मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाचं हे काम नाही. लिडिया अशी एकटक समोर का बघते आहे, त्याचा उलगडा मला इथं झाला.

आणखी एका गोष्टीनंही झाला. लिडिया तेव्हा आजारी होती. मूत्रपिंडाचा विकार, त्या काळी त्याला ब्राइट ह्या इंग्रज डॉक्टरच्या नावानं ओळखत. औषध म्हणावं असं काही नव्हतंच. आईवडील आणि लिडिया १८७७ मध्ये मेरीकडे पॅरिसला राहायला आले होते. दोघीही बहिणी अविवाहित. घरात दुखणं, वडिलांची शिस्त अशी की मेरीनं आपल्या स्टुडिओचा खर्च स्वतःच्या चित्रांच्या विक्रीतून भागवावा, आणि सेवाशुश्रूषेलाही मेरीच. मॉडेलला पैसे देण्यापेक्षा घरचं माणूस बरं, असंही असेल. पण ह्या चारपाच वर्षांत मेरीनं लिडियाला पुन्हा पुन्हा काढलं. चहाचा कप घेतलेली लिडिया. बागेत बसून क्रोशाचं विणकाम करणारी लिडिया. भरतकामाच्या चौकटीवर वाकलेली लिडिया. सगळी बसलेली, सगळी शांत, सगळी घरात नाहीतर घराच्या कुंपणात.

ह्या एकाच चित्रात ती रस्त्यावर आहे आणि एक अख्खा घोडा तिच्या हातात आहे.

७ नोव्हेंबर १८८२ ला लिडिया गेली, पंचेचाळिशीत. त्यानंतर काही काळ मेरीच्या हातून काम होईना.

हे सगळं मी फोनवर लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "थांब आई, तुझ्या ह्या बाईची एक लांबची बहीण पाठवते." आणि तिनं मोबाइलवर एक काळंपांढरं चित्र पाठवलं. जेम्स तिसो नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं, १८८५ सालचं. ह्यातही बाई घोडे हाकते आहे. पण काय थाट! पॅरिसच्या आल्मा पुलाजवळ १८७७ मध्ये एक प्रचंड हिप्पोड्रोम उघडला होता. हिप्पोड्रोम म्हणजे घोड्यांच्या कसरतींचं रिंगण, आपल्या सर्कशीसारखं, फक्त कितीतरी मोठं आणि विजेच्या दिव्यांनी उजळलेलं. तिथं रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती होत आणि रथ हाकायला बायका असत. तिसोच्या चित्रात ह्या सारथिणी उभ्या आहेत, अंगात चकचकणारे पोशाख, डोक्यावर सूर्यकिरणांसारखे टोकेरी मुकुट, हातांत लगाम, आणि मागं प्रेक्षकांची दाटी.

हे जे काळंपांढरं चित्र, त्याला म्हणतात एचिंग, म्हणजे अम्लरेखन. कसं करतात ते सांगते, कारण ते आपल्याला चटकन समजण्यासारखं आहे. लग्नात भांड्यांवर नावं घालून घेतो ना आपण? तिथं सुई स्वतःच धातू टोचते, नेट लावावा लागतो. एचिंगमध्ये तसं नाही. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाराळेचा पातळ लेप देतात. त्यावर सुईनं चित्र काढायचं. सुई तांब्याला इजा करत नाही, नुसता लेप बाजूला सारते, म्हणून हात पेन्सिलीसारखा मोकळा चालतो. मग पत्रा अॅसिडमध्ये ठेवायचा. लेप असेल तिथं अॅसिड शिरत नाही, रेघ असेल तिथं तांबं खातं. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल, आणि तितकी काळी. नंतर लेप पुसायचा, पत्र्यावर शाई चोळायची, कापडानं वरची पुसून घ्यायची. रेघांत बसलेली तेवढी राहते. वर ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढला की झालं. चित्र मात्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं, डावं ते उजवं! म्हणजे लगाम डाव्या हातात दाखवायचा असेल तर पत्र्यावर उजव्या हातात काढायचा. शाईच्या शिक्क्याला नाव उलटं कोरावं लागतं, तसंच.

ह्याचा फायदा असा, की एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात. रंगीत मोठं चित्र एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात जाऊन पडतं. एचिंग मध्यमवर्गीयांच्या भिंतीपर्यंत पोचायचं. तिसोनं 'पॅरिसमधली स्त्री' अशी पंधरा चित्रांची मालिका केली, ती १८८५ मध्ये पॅरिसला प्रदर्शनात मांडली, आणि तिची एचिंग करून प्रत्येकीसोबत एकेका लेखकाची गोष्ट छापायची असा बेत आखला. तो तडीस गेला नाही. मोजकीच एचिंग झाली, त्यांत ह्या सारथिणी. ह्या माणसाचंही मोठं दुःख होतं. लंडनला असताना ज्या बाईबरोबर त्यानं संसार केला, जिला पुन्हा पुन्हा काढलं, ती कॅथलीन क्षयानं गेली. तारीख होती ९ नोव्हेंबर १८८२. लिडियानंतर दोनच दिवसांनी. दोघांची दोन शहरं, पण एकाच आठवड्यात दोन चित्रकारांच्या समोरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. तारखा शेजारीशेजारी दिसल्या तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसूनच राहिले.

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. हिप्पोड्रोममधली बाई चार घोडे उधळत नेते, लोक तिकीट काढून बघतात, टाळ्या पिटतात. तिच्या मागं मोतद्दार नाही, कारण तिच्या अब्रूची चिंता करायचं कुणाला कारणच वाटत नाही. ती तमाशातली! आणि लिडिया एका घोड्याला दुडक्या चालीनं नेते, तर मागं पहारा. मला विचाराल तर लिडियाचं काम जास्त कठीण. रिंगणात गाडी गोल फिरते आणि जिथून निघाली तिथंच येते. रस्त्यावर समोरून दुसऱ्याची गाडी येते.

रस्त्यावर, पोटासाठी, गाडी हाकायला बाईला आणखी सव्वीस वर्षं लागली. १९०७ मध्ये पॅरिसच्या पोलीसखात्याची परीक्षा पास होऊन काही बायका भाड्याच्या घोडागाड्यांच्या हाकणाऱ्या झाल्या. केवढा गहजब! त्यांना बघायला रस्त्यात गर्दी व्हायची, वर्तमानपत्रं त्यांची थट्टा करायची, आणि त्यांची छायाचित्रं छापलेली पोस्टकार्डं धडाधड खपायची. एखादीची गाडी कुणाला घासली की झालीच बातमी. पुरुषांच्या गाड्या काय घासत नसतील? असो.

पण पोस्टकार्डांपेक्षा मला महत्त्वाची वाटली ती त्याच १९०७ सालची दुसरी गोष्ट. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यानं फ्रान्समध्ये बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असं लिहूनच ठेवलं होतं आणि तिच्या कमाईवर कारभार नवऱ्याचा. १९०७ मध्ये कायदा झाला, की लग्न झालेल्या बाईची मजुरी तिची, ती तिनंच खर्च करायची. म्हणजे दिवसभर गाडी हाकून संध्याकाळी आलेले पैसे स्वतःच्या मुठीत ठेवायचा हक्क त्या गाडीवालीला मिळाला तो त्या साली. नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करायला आणि स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडायला मात्र १९६५ उजाडावं लागलं. हो, एकोणीसशे पासष्ट! आपण ज्यांना फार पुढारलेले समजतो, त्यांची ही गोष्ट. तुमच्या पासबुकावर पहिलं नाव कुणाचं आहे, ते एकदा काढून बघा बरं.

श्रीमंतांचं अर्थात नेहमीच निराळं. १८९८ मध्ये फ्रान्समधली एक सरदारीण, डचेस द्युझेस, मोटार चालवण्याची परीक्षा पास झाली. देशातली ती पहिली बाई. विधवा होती, पैसा स्वतःचा होता, विचारायला कुणी नव्हतं. त्याच वर्षी तिला वेगाबद्दल दंड झाला. कुठं? त्याच ब्वा द बुलोन्यमध्ये, जिथं लिडियानं लगाम धरले होते. तासाला बारा किलोमीटरची मर्यादा होती आणि बाईसाहेब पंधरानं चालल्या होत्या. आमच्या गल्लीतली पोरं सायकलवरून त्याहून जोरात जातात.

मेरी कसाट एचिंगकडेही वळली होती. देगाबरोबर तिनं १८७९-८० मध्ये त्यासाठी बरीच खटपट केली, घरातल्या दिव्याखाली वाचणाऱ्या, विणणाऱ्या बायका पत्र्यावर काढल्या. पुढं १८९०-९१ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरूनच दहा रंगीत छापचित्रांचा संच केला. त्यांतली एक बाई पाकीट चिकटवते आहे, एक शिंपिणीकडून झगा बेतून घेते आहे, एक बाळाला न्हाऊ घालते आहे. आणि एका चित्रात पुन्हा गाडी आहे! पण ही भाड्याची सार्वजनिक गाडी. एक बाई, दाई आणि बाळ, मागं खिडकीतून नदी आणि पूल. आधीच्या कच्च्या रेखाटनात शेजारी एक हॅटवाले गृहस्थ बसलेले होते. छापताना मेरीनं त्यांना काढून टाकलं. मोतद्दाराला नुसतं उलटं बसवलं होतं, दहा वर्षांनी हे गृहस्थ खालीच उतरवले!

लिडियाचं ते चित्र फिलाडेल्फियाच्या संग्रहालयानं १९२१ मध्ये घेतलं. फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवणारच. १८८३ मध्ये त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ ला त्याच शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. चित्र तिथं येईपर्यंत त्यांना जाऊन चौतीस वर्षं झाली होती. लेकीला मी सांगितलंय, पुढच्या वेळी जाशील तेव्हा त्या चित्रासमोर आपल्या आनंदीबाईंच्या नावानं दोन मिनिटं उभी राहा. ती हसली, पण राहील.

हे सगळं लिहायचं ठरवलं त्याला आणखी एक कारण आहे. माझी थोरली बहीण, अक्का, सांगलीला आमच्या शेजारच्याच गल्लीत राहते. गेल्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला मिरजेला न्यावं लागतं. लिडियाचाच विकार म्हणा ना, फक्त आता त्याला यंत्र आहे. मुलगा पुण्याला, जावई नोकरीत. तेव्हा मंगळवार-शुक्रवार मीच नेते. 'हे' येऊ का म्हणतात. मी नको म्हणते. सकाळी सहाला निघतो आम्ही दोघी. बोलतो, नाहीतर बोलत नाही.

गेल्या शुक्रवारी निघण्यापूर्वी अक्का स्वयंपाकघरात पाण्याचा घोट घ्यायला आली. तिला पाणीही मोजूनच. तिची नजर फ्रिजवर गेली. मी तिला सगळं सांगितलं, लिडियाच्या दुखण्याचं तेवढं सोडून. तिनं चित्र काढून हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं.

"ही पोर बघ कशी गाडीची कड घट्ट धरून बसलीय," ती म्हणाली. "हाकणारीचा भरवसा दिसत नाही तिला."

"लहान आहे ती अक्का."

"लहान कसली, शहाणी आहे," असं म्हणून तिनं चित्र पुन्हा दारावर लावलं, थोडं तिरकंच. खाली आलो. मी गाडी सुरू केली. विश्रामबागच्या चौकात सिग्नलला बघितलं तर अक्कानं दारावरची कडी दोन्ही हातांनी धरली होती, आणि मिरज येईपर्यंत काही सोडली नाही.